चाळीचा आखाडा

मुंबईंत लोअर परळच्या बाजूस भाड्याचें घर पाहावयास जाणाऱ्या मनुष्याच्या हातीं हल्लीं जी माहितीपुस्तिका देण्यांत येते, ती वाचून आमची नेहमींच करमणूक होते. नळाला पाणी किती तास असतें, हा मुंबईकराचा पिढीजात पहिला प्रश्न. परंतु त्याचें उत्तर पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असतें, आणि पहिलें पान व्यायामशाळेच्या चित्रानें व्यापलेलें असतें. कांचेच्या भिंतीआड फिरत्या पट्ट्यावर एक तरुणी जागच्या जागीं धांवत आहे, पलीकडे तरणतलाव आहे, आणि त्याच्याही पलीकडे, चित्रकाराच्या नजरचुकीनें राहून गेलेलें, एका बंद गिरणीचें धुराडें आहे! राहत्या घराबरोबर व्यायामाचीही सोय, ही कल्पना नवी आहे, परदेशांतून आलेली आहे, व या उंच मनोऱ्यांबरोबरच ती या वस्तींत प्रथम अवतरली आहे, असा समज या पुस्तिकांनीं बराच रूढ केला आहे. तो कितपत खरा आहे हें पाहावें, एवढ्याच हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों. कारण ज्या धुराड्याच्या सावलींत हे मनोरे उभे आहेत, त्याच सावलींत शंभर वर्षांपूर्वीं भाडेकरूंच्या चाळी होत्या, आणि चाळींच्या पायथ्याशीं व्यायामशाळाही होत्या. त्या घरमालकांनीं दिलेल्या नव्हत्या, इतकाच फरक. आणि आमच्या मतें तो फरक लहान नव्हे.

प्रथम पाश्चात्त्यांचें श्रेय त्यांस देऊन टाकूं. न्यूयॉर्क शहराच्या चेल्सी भागांत १९३० सालीं 'लंडन टेरेस' या नांवाचा भाड्याच्या बिऱ्हाडांचा एक प्रचंड समूह उभा राहिला. सुमारें १,७०० बिऱ्हाडें, पोटांत तरणतलाव व व्यायामशाळा, गच्चीवर आगबोटीच्या डेकाची बतावणी, आणि दारावर लंडनच्या पोलिसांचा पोशाख चढवलेले द्वारपाल, असा त्याचा थाट होता. पण बांधकामाच्या सुमारासच, १९२९ च्या आक्टोबरांत, तेथील शेअरबाजार कोसळला. गिऱ्हाईक दुर्मिळ झालें म्हणजे दुकानदार गोड बोलूं लागतो, त्याप्रमाणें घरमालकाच्या सोयींची यादी त्या मंदीच्या दिवसांत अधिकच मधुर वाटूं लागली असल्यास नवल नाहीं. लंडनमध्यें टेम्सच्या कांठीं, पिम्लिको येथें, १९३५ ते १९३७ च्या दरम्यान 'डॉल्फिन स्क्वेअर' बांधण्यांत आला. त्यांत १,२५० बिऱ्हाडें, तरणतलाव, स्क्वॉश खेळण्याच्या जागा, दुकानें व भोजनगृह हीं सर्व एकाच आवारांत होतीं. हायगेटच्या टेकडीवर लुबेट्किन या वास्तुशिल्पज्ञानें १९३५ सालीं 'हायपॉइंट' बांधलें, त्याच्या बागेंतही टेनिसची व पोहण्याची सोय होती.

या सर्व ठिकाणीं एक गोष्ट समान आहे. तेथील भाडेकरू मध्यम अथवा वरच्या स्थितींतला असून तो वाटेल तेव्हां सामान उचलून दुसरीकडे जाऊं शकत होता. जो उद्यां उठून जाईल त्याला आज गोंजारलें पाहिजे, हा त्या तरणतलावामागचा हिशेब होय. व्हिएन्ना शहराचा मार्ग याहून निराळा होता. तेथील नगरपालिकेनें १९२३ पासून श्रीमंतांच्या घरांवर चढता कर बसवून कामगारांसाठीं स्वस्त भाड्याचीं घरें बांधलीं. १९३० सालीं पुऱ्या झालेल्या 'कार्ल मार्क्स होफ'मध्यें १,३८२ बिऱ्हाडांसाठीं स्नानगृहें, धुण्याचीं केंद्रें, बालकमंदिरें व ग्रंथालय होतें. चार वर्षांनीं, १९३४ च्या फेब्रुवारींत, सरकारी फौजेनें याच इमारतीवर तोफा डागल्या. भाडेकरू एकत्र न्हातात, एकत्र वाचतात, आणि मग एकत्र उभेही राहतात, ही गोष्ट सत्ताधाऱ्यांच्या लक्षांत बहुधा आधींच आलेली असावी. तिकडचें पुराण येथेंच पुरें करून आतां मुंबईकडे वळूं.

मुंबईची चाळ ही कोणा एकाच्या डोक्यांतून निघालेली वस्तु नव्हे. गिरण्या वाढल्या, कोंकणांतून व घाटावरून माणसें आलीं, आणि जमिनीच्या मालकांनीं एका ओळींत खोल्या काढून पुढें गॅलरी सोडली, म्हणजे झाली चाळ. १८९६ सालीं मांडवी भागांत प्लेग उद्भवला तेव्हां या खोल्यांत माणसें कशीं राहतात याचा सरकारला साक्षात्कार झाला, आणि १८९८ सालीं शहर सुधारण्यासाठीं इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टनें रस्ते रुंद केले, कोंदट वस्त्या पाडल्या, कांहीं चाळीही बांधल्या. परंतु आरंभींच्या वर्षांत जितकीं घरें गेलीं तितकीं परत आलीं नाहींत, हा आक्षेप तिच्यावर तेव्हांपासूनच घेतला जात होता. पुढें गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दींत, १९२० सालीं, डेव्हलपमेंट खातें निघालें. मुंबईंत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गांठीवर एक रुपया जकात बसवून ५० हजार खोल्या बांधण्याचा त्याचा संकल्प होता. प्रत्यक्षांत वरळीस १२१, नायगांवास ४२, डिलाइल रोडला ३२ व शिवडीस १२ मिळून २०७ चाळी झाल्या. प्रत्येक चाळींत ८० खोल्या, म्हणजे एकंदर सुमारें साडेसोळा हजार. याच त्या बी. डी. डी. चाळी. काँक्रीटच्या त्या करड्या खोल्या आरंभीं लोकांस इतक्या नावडत्या होत्या कीं, घरांची टंचाई असूनही पुष्कळ खोल्या कित्येक वर्षें रिकाम्या पडल्या. बर्नेट-हर्स्ट या अर्थशास्त्रज्ञानें १९२५ सालीं मुंबईच्या कामगारांच्या घरांविषयीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो वाचला असतां रिकाम्या खोल्यांचें कोडें फारसें राहत नाहीं.

आतां एक साधें गणित करूं. बी. डी. डी. चाळीची खोली १६० चौरस फुटांची. तींत आठ माणसें राहतात असें धरलें, आणि हा आंकडा मुळींच फुगवलेला नाहीं, तर दर माणशीं २० चौरस फूट जागा येते. साडेपांच फूट उंचीच्या मनुष्यास जोर काढावयाचे असतील तर सहा फूट लांब व तीन फूट रुंद जागा लागते, म्हणजे १८ चौरस फूट. अर्थात् आठही जण एकाच वेळीं जोर काढूं म्हणतील तर चूल, भांडीं, पत्र्याच्या ट्रंका, पाण्याचा पिंप व खाटेवरची म्हातारी आजी या सर्वांस मिळून दोन चौरस फूट प्रत्येकीं उरतील! ज्या खोल्यांत एकाच गांवचीं पंधरा-वीस माणसें पाळीपाळीनें निजत असत, त्या गांवकीच्या खोल्यांचें तर बोलावयासच नको. तेथें भाडें सर्वांनीं मिळून भरावयाचें, ट्रंका भिंतीशीं रचावयाच्या, जेवण खानावळवालीकडे, आणि रात्रपाळीचा मनुष्य परतला कीं दिवसपाळीच्या मनुष्यानें आपलें अंथरूण गुंडाळावयाचें. अशा घरांत मनुष्य निजूं शकतो. हातपाय पसरण्याकरितां त्यास बाहेर जावें लागतें. चाळकऱ्यांचें जें जें सार्वजनिक जीवन म्हणून आपण कौतुकानें सांगतों, तें पुष्कळ अंशीं या चौरस फुटांच्या गणितांतून निघालें आहे.

तालीम ही संस्था मुंबईनें निर्माण केली नाहीं, ती गांवांतून आली. पेशवाईच्या अखेरीस, दुसऱ्या बाजीरावाच्या वेळीं, बाळंभटदादा देवधरांनीं मल्लखांबाची विद्या नांवारूपास आणली. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं कुस्तीला राजाश्रय देऊन खासबागेचें मैदान १९१२ सालीं पुरें केलें. या दोहोंच्या मधल्या काळांत गांवोगांव मारुतीच्या देवळाजवळ एक कोंदट खोली व तींत तांबड्या मातीचा हौदा, असें चित्र घाटावर सर्वत्र दिसत होतें. सातारा, कोल्हापूर, पुणें या जिल्ह्यांतून गिरणींत आलेल्या तरुणानें घोंगडीबरोबर आपली तालीमही आणली. दोन चाळींमधली बोळवजा जागा, एखाद्या गाळ्याची मागची पडवी, देवळाचा ओटा, जें मिळेल तें पत्करावयाचें; माती गांवाकडून किंवा जवळच्या टेकडीवरून आणावयाची, ती चाळून तींत तेल, हळद, ताक व लिंबाचा रस घालून मुरवावयाची; कोपऱ्यांत शेंदूर लावलेला मारुती बसवावयाचा; आणि महिन्याची वर्गणी ठरवावयाची. झाली व्यायामशाळा! मुद्गल, करेला, दगडी नाल, लेझीम व एक मल्लखांब, यापलीकडे सामान नसे. वस्ताद पगारी क्वचितच असे. तो बहुधा स्वतःच गिरणींत साच्यावर उभा राहणारा, आणि भोंगा होण्यापूर्वीं पोरांना घुमवून, अंगाची माती नळावर धुऊन, कामावर धांवणारा.

याच सुमारास याच शहरांत व्यायामाची दुसरीही एक सृष्टि होती. 'जिमखाना' हा शब्द मूळचा गेंदखाना असावा असें कोशकार सांगतात. तो कसाही असो, १८७५ सालीं युरोपियनांचा बाँबे जिमखाना निघाला, १८८५ सालीं पारशांचा, १८९४ सालीं हिंदूंचा. समुद्राच्या कांठीं हिरवळ, सभासदत्वाची फी, पांढरे पोशाख, आणि जातवार पाट्या. गिरणगांवच्या तालमीला समुद्रकांठ नव्हता, पण जातवार पाट्या, न लिहिलेल्या कां होईनात, तेथेंही होत्या. गांवकीच्या खोल्या जशा गांवावर व जातीवर, तशाच पुष्कळ तालमीही. मातीला सर्वांचा घाम सारखाच लागतो, असें आम्ही तालमीच्या स्तुतीपर भाषणांत अनेकदां ऐकलें आहे. तें ऐकतांना आम्हांस नेहमीं वाटतें कीं, घाम सारखा असेल, परंतु हौद्यांत उतरण्याची परवानगी सर्वांस सारखी नव्हती. परळच्या ट्रस्टच्या चाळींत डॉ. आंबेडकर अनेक वर्षें दोन खोल्यांत राहत होते. १९२७ सालीं समता सैनिक दल उभें राहिलें, तेव्हां अस्पृश्य मानलेल्या वस्त्यांतील तरुणांनीं कवाइतीची शिस्त आपली आपण उभारली, ही गोष्ट तालमींचा इतिहास लिहिणारानें वगळतां कामा नये. आणि स्त्रियांविषयीं काय सांगावें? ज्या बायका साच्यावर किंवा रीळखात्यांत दिवसभर उभ्या राहून घरीं येऊन आठ जणांचा स्वयंपाक करीत, त्यांना तालमीचा उंबरठा ओलांडणें निषिद्ध होतें. त्यांना व्यायाम कमी पडत होता असें अर्थातच कोणी म्हणणार नाहीं.

सरकारला तालमींचा संशय होता, आणि तो सर्वस्वीं निराधार नव्हता. १८९३ सालीं मुंबईंत हिंदु-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. त्याच वर्षीं गिरगांवांत केशवजी नाईकांच्या चाळींत सार्वजनिक गणपति बसला. मेळे निघूं लागले, मेळ्यांत लेझीम व लाठी आली, आणि लेझीम-लाठी शिकवावयास तालमीखेरीज ठिकाण नव्हतें. पुण्यांत १८९७ च्या जूनमध्यें रँडचा वध झाला; वध करणाऱ्या चापेकर बंधूंनीं तरुणांस जमवून व्यायामाचा वर्ग चालवला होता, हें उघडकीस आल्यावर तर जोरबैठकांच्या आंकड्यांतही पोलिसांना राजद्रोह दिसूं लागला. परंतु गिरणगांवांत तालमीचें राजकारण याहून अधिक गुंतागुंतीचें होतें. राजनारायण चंदावरकर यांनीं १९९४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत मुंबईच्या कामगारवस्तीचें जें बारकाईचें वर्णन केलें आहे, त्यावरून तालीम म्हणजे केवळ अंग कमावण्याची जागा नसून मोहल्ल्यांतील सत्तेचें एक ठाणें होती, हें स्पष्ट दिसतें. जो मनुष्य तालीम चालवी तो वस्तीचा 'दादा' होई. त्याचे पठ्ठे भांडण मिटवीत, उधारी वसूल करीत, उत्सवाची वर्गणी गोळा करीत. आणि संप झाला कीं याच पठ्ठ्यांना दोन्हींकडून मागणी येई. संप टिकावा म्हणून गिरणीच्या दारावर उभे राहणारे दंड तालमींतच कमावलेले, आणि संप फोडण्याकरितां मालकाच्या जॉबरनें भाड्यानें आणलेले दंडही पुष्कळदां तालमींतलेच. १९२८ सालीं सुमारें दीड लाख गिरणीकामगारांचा संप एप्रिलपासून आक्टोबरपर्यंत चालला. इतके महिने पगार नसतांना तो टिकला, याचें कारण केवळ पुढाऱ्यांचीं भाषणें नव्हेत. चाळींतला वाणी उधार देत राहिला, खानावळवाली वाढीत राहिली, आणि वस्तींतला शेजार कामावर चोरून जाणाऱ्यावर नजर ठेवीत राहिला. पुढच्याच वर्षीं, १९२९ च्या फेब्रुवारींत, मुलें पळवणाऱ्यांच्या अफवेवरून पठाणांवर हल्ले झाले व त्यांतून मोठा दंगा पेटला. तेव्हां तोच शेजार व तींच मनगटें किती भयंकर होऊं शकतात हेंही शहरानें पाहिलें. तालमीचा गौरव करणारे दुसरी गोष्ट सांगत नाहींत, आणि तिला नांवें ठेवणारे पहिली. आम्हांस दोन्ही एकाच मातींतल्या वाटतात.

तथापि रोजच्या तालमींत संप नव्हता कीं दंगा नव्हता. तेथें सोळा वर्षांचीं पोरें बैठका मोजीत होतीं. हुतुतूचे संघ तेथेंच तयार झाले. बी. डी. डी. चाळी बांधणारांनीं खोल्यांत हात आंखडता घेतला, पण चाळींच्या मधें मोकळी जागा सोडली, हें त्यांच्या खात्यावर जमा केलेंच पाहिजे. वरळीचें जांबोरी मैदान हें त्याचें उत्तम उदाहरण. व्यायामाची ही चळवळ मुंबईपुरती नव्हती. अमरावतीस १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काम करीत होतें व १९३६ सालीं त्याच्या पथकानें बर्लिनला जाऊन आपले खेळ दाखविले. पुण्यास १९२४ सालीं कॅप्टन दामल्यांचें महाराष्ट्रीय मंडळ निघालें. दादरला १९२५ सालीं समर्थ व्यायाम मंदिर स्थापन झालें. या संस्थांना जागा, नांव व शिक्षित चालक लाभले, म्हणून त्यांचा इतिहास लिहिला गेला. चाळींतल्या तालमीचें दप्तर म्हणजे वर्गणीची एक वही. आणि ती बहुधा पहिल्या पावसाळ्यांतच भिजली.

१९४७ सालीं भाडेनियंत्रणाचा कायदा आला व भाडीं १९४० च्या सप्टेंबरांत होतीं त्या पातळीवर गोठलीं. भाडेकरू निर्भय झाला. त्याबरोबर घरमालकाचा उत्साहही गोठला. जो जिना पडला तो पडलाच. १९६९ सालीं दुरुस्तीसाठीं स्वतंत्र मंडळ नेमावें लागलें, यावरून स्थिति समजावी. पण आमच्या विषयाच्या दृष्टीनें या कायद्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. भाडेकरू तीन-तीन पिढ्या एकाच खोलींत राहिला, आणि तालमीस आजोबा, बाप व नातू असे ओळीनें सभासद मिळाले. वर सांगितलेल्या न्यूयॉर्कच्या भाडेकरूस तरणतलावानें बांधून ठेवावें लागे; मुंबईच्या भाडेकरूस कायद्यानें व नाइलाजानें बांधून ठेवलें होतें, आणि म्हणूनच त्यानें आपल्या हातांनीं आखाडा खणला. पुढें मातीची जागा हळूहळू लोखंडी वजनांनीं घेतली. 'तालीम' जाऊन 'व्यायाम मंडळ' झालें. आमदारांच्या निधींतून पत्र्याचें छप्पर आलें, व छपराबरोबर आमदारांच्या नांवाची पाटी आली. गोविंदांचे थर आणि कबड्डीचे संघ मात्र तेथूनच निघत राहिले.

१८ जानेवारी १९८२ रोजीं सुमारें अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतरची हकीगत सर्वश्रुत आहे. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९१ च्या नियमावलीप्रमाणें गिरण्यांच्या जमिनीचे तीन वांटे होऊन एक शहराच्या मोकळ्या जागेस, एक सार्वजनिक गृहनिर्माणास व एक मालकास, अशी योजना होती. २००१ सालीं त्या नियमाचा अर्थ असा बदलण्यांत आला कीं, वांटणी सबंध जमिनीची न होतां केवळ रिकाम्या तुकड्याची व्हावी. आणि २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो बदल कायम केला. म्हणजे मैदानें व्हावयाचीं होतीं त्यांतील बहुतेक कागदावरच राहिलीं. जेथें सूत निघत होतें तेथें बोलिंग खेळण्याचें दालन, उपाहारगृहें व कचेऱ्या आल्या, आणि त्यांच्या शेजारीं, महिन्याच्या भाड्यानें मिळणाऱ्या घरांचे, आठव्या किंवा दहाव्या मजल्यावर व्यायामशाळा असलेले मनोरे आले.

त्या व्यायामशाळांस नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. तेथें स्त्रिया निर्धास्तपणें जातात, कोणी जात विचारीत नाहीं, आणि यंत्रें स्वच्छ असतात. जुन्या हौद्याची आठवण काढून डोळे पुसणारांनीं या तीन गोष्टी आधीं लक्षांत घ्याव्या. आमचें म्हणणें निराळेंच आहे. आम्ही अशा एका मनोऱ्यांत परिचितांकडे गेलों असतां व्यायामशाळेच्या दारावर नियमांची पाटी वाचली. बिऱ्हाडकरूनें ओळखपत्र दाखवावें, पाहुण्यांस मनाई आहे, घरकाम करणाऱ्यांस मनाई आहे, असे तीन नियम तींत होते. आमचे परिचित तेथें दोन वर्षें राहत होते. त्यांना व्यायामशाळेंत रोज शेजारच्या यंत्रावर दिसणाऱ्या गृहस्थांचें नांव ठाऊक नव्हतें. दोघांच्याही कानांत गाण्याच्या दोऱ्या होत्या. तालमींत नांव सांगितल्यावांचून पाय ठेवतां येत नसे, गांवही सांगावें लागे, आणि तेथेंच पुष्कळांचा पाय अडे. येथें नांव लागत नाहीं, कार्ड लागतें. आणि तें ज्याच्यापाशीं नाहीं त्याचा पाय तितक्याच निश्चितपणें अडतो.

बी. डी. डी. चाळींचीही पाळी आली आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजीं वरळीच्या ५५६ कुटुंबांस नव्या इमारतींतील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या देण्यांत आल्या, आणि शंभर वर्षें भाडेकरू असलेली वस्ती मालक होऊं लागली. १६० चौरस फुटांत आयुष्य काढलेल्या म्हाताऱ्यांचे त्या दिवशींचे चेहरे आम्हीं वर्तमानपत्रांतील चित्रांत पाहिले. त्यांच्या आनंदास उणें लेखण्याचा अधिकार चाळींत न राहिलेल्या कोणासही नाहीं. आमचें जुनें गणित पुन्हां मांडलें तर आठ माणसांस प्रत्येकीं साडेबासष्ट चौरस फूट येतात. जोर काढावयास खोलीबाहेर जाण्याचें आतां कारण उरलेलें नाहीं.